ऐतिहासिक भूमिकेचे दात: पेशवाईतल्या तोंडाची रंगभूषा कशी करावी

समईच्या उजेडात पाटावर बसलेली एका सरदाराची बायको. नऊवारी नीट नेसवलेली, नथ जुन्या घाटाची, कपाळावर मेणावर लावलेलं कुंकू, अंबाड्यावर फुलं. शॉट सुरू झाला, ती हसली आणि मॉनिटरपाशी उभे असलेले आम्ही सगळे गप्प झालो. वरचे सगळे दात एका मापाचे, एका रंगाचे, पांढरेशुभ्र. १७७० सालच्या पुण्यातली बाई क्षणात टूथपेस्टच्या जाहिरातीतली झाली. त्या लघुपटाची रंगभूषा माझी होती. साडी, दागिने, केस यांवर मी तीन आठवडे घालवले होते आणि तिला तोंड उघडायला एकदाही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून ऐतिहासिक काम आलं की मी दातांपासून सुरुवात करतो. एकांकिका, लघुपट, शाळेचं किंवा संस्थेचं ऐतिहासिक नाटक करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून माझी पद्धत इथे सविस्तर मांडतो आहे. उदाहरणं मुख्यतः सतराव्या ते विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राची आहेत, कारण मला तोच काळ ओळखीचा आहे.

पहिली पायरी: तोंडाची कुंडली मांडा

रंगाची बाटली उघडण्याआधी वही उघडायची. प्रत्येक पात्रासाठी हे प्रश्न लिहून काढा: वय काय? खातो काय? दात कशानं घासतो? विडा खातो का? तंबाखू? बाई असेल तर सुवासिनी की विधवा? आजार कोणते होऊन गेले? मारामारीत किंवा पडून दात गेला आहे का?

हे सगळं का लिहायचं, तर आपल्याकडे एक सोयीची समजूत रुजली आहे: राजा म्हणजे पांढरे दात आणि गरीब म्हणजे काळे, किडके दात. नाटकात शेतकरी किंवा भिकारी आला की त्याच्या दोन दातांना काळं फासायचं, झालं. ही समजूत बहुतेक ठिकाणी उलटी आहे.

कष्टकरी माणूस भाकरी, कालवण, कांदा खायचा. गोडधोड सणावारी. दात घासायला बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी, नाहीतर राखुंडी. अशा तोंडात कीड कमी असते, झीज जास्त. जात्यावर दळलेल्या पिठात दगडाची बारीक कच उतरते, ती जन्मभर खाल्ली की दाढा आणि पुढच्या दातांच्या कडा सपाट होतात. म्हणून पन्नाशीच्या कुणब्याचे दात आखूड, सपाट, जरा पिवळसर, पण धडधाकट दाखवा. साखर महाग होती, ती परवडणाऱ्याच्या ताटात पक्वान्नं जास्त आणि जेवणानंतर विडा ठरलेला. कीड आणि लालसर डाग त्याच्या तोंडात शोभतात.

आणि जिचे दात सर्वांत काळे दिसायला हवेत ती गरीब नव्हे, चांगल्या घरची सुवासिनी. जुन्या काळी सुवासिनी काळं दातवण लावीत. चकचकीत काळे दात हा शृंगार होता, कुंकवाच्या आणि काजळाच्या रांगेतला. जपानमध्येही हीच रीत होती. तिथल्या सरकारनं १८७० मध्ये खानदानी लोकांना ती सोडायला लावली आणि १८७३ मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. सौंदर्याची कल्पना बदलते ती अशी.

तंबाखूचा हिशेब काळाप्रमाणे करा. तंबाखू पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला विजापूरहून अकबराच्या दरबारी पोचली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातल्या गावकऱ्याच्या हातात चिलीम नको आणि त्याच्या दातांवर तंबाखूचा तपकिरी थरही नको. मावळातल्या १६७० सालच्या शिपायाला तो चालेल. मिशरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावणारी म्हातारी पेशवाईच्या अखेरीस आणि पुढे इंग्रजी अमलात बिनधास्त दाखवा. तिचे दात मुळाशी काळपट आणि हिरड्या मातकट असतात. दातवणाच्या एकसारख्या काळ्या रंगापेक्षा हे अगदी वेगळं दिसतं.

पुरावा कुठे बघायचा, कुठे नाही

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यानं १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली. कपाळ, भिकबाळी, पगडीची ठेवण, मिशा यांसाठी ती डोळे भरून पाहावीत. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली चित्रं युरोपातल्या संग्रहांत आहेत, त्यांत दाढीचं टोक आणि कल्ले स्पष्ट दिसतात. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं आहेत. १८५० नंतर मुंबईत फोटोग्राफी रुळली, त्यामुळे पुढच्या पिढ्यांचे प्रत्यक्ष चेहरे मिळतात.

पण या सगळ्यांत ओठ मिटलेले असतात. चित्रासाठी बसणारा माणूस हसत नसे, आणि जुन्या कॅमेऱ्यासमोर इतका वेळ स्थिर राहावं लागे की हसू टिकणारच नाही. म्हणून दातांची माहिती चित्रांपेक्षा आठवणींत, आत्मचरित्रांत आणि जुन्या शब्दकोशांत जास्त सापडते. घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या आजीला विचारा. तिच्या आजीचे दात कसे होते हे तिला आठवत असतं.

जुने ऐतिहासिक चित्रपट मात्र पुरावा म्हणून वापरू नका. ते प्रेमानं पाहा, पण त्यांतल्या तोंडांवर विश्वास ठेवू नका. सुरुवातीच्या मूकपटांची फिल्म निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर लाल ओठ काळे पडत आणि पिवळट दात होते त्याहून गडद दिसत. त्यामुळे नटनट्यांचे दात पांढरे करून घेण्याची गरज तंत्रातूनच आली. सगळे रंग पकडणारी पँक्रोमॅटिक फिल्म १९२० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली, तोवर पांढऱ्या दातांची सवय पक्की झाली होती. १९३० च्या दशकात हॉलिवुडमध्ये डॉ. चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटांच्या दातांवर पोर्सेलीनचे पातळ मुखवटे तात्पुरते चिकटवून देत. चित्रीकरण संपलं की ते काढायचे. आजच्या व्हेनियरचा उगम तोच. क्लार्क गेबलचे बहुतेक दात हिरड्यांच्या आजारामुळे १९३३ मध्ये काढावे लागले होते. १९३९ च्या 'गॉन विथ द विंड'मध्ये तो अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातला गृहस्थ म्हणून हसतो ते कवळीतून. पोशाख १८६० च्या दशकातला आणि दात १९३० च्या दशकातले.

आपल्याकडे अडचणी वेगळ्याच होत्या. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती साकारली अण्णा साळुंके यांनी. स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुषांना मिशा उतरवायला राजी करणं हेच दादासाहेब फाळक्यांपुढचं मोठं काम होतं. तिथे दातांपर्यंत कोण जाणार?

दुसरी पायरी: नटाच्या तोंडाची पाहणी

भूमिका ठरल्यावर पहिल्याच आठवड्यात ही पाहणी करा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी नटाला बसवा. मिटलेलं तोंड, सहज हसू, मोठं हसू, दोन्ही बाजूंनी आणि बोलताना असे फोटो काढा. मग विचारा: व्हेनियर आहेत का? कॅप? समोरच्या दातांत सिमेंट भरलंय? हिरड्यांतून रक्त येतं का? तोंडात फोड, जखम? अल्कोहोल, रंग, लॅटेक्स कशाची ॲलर्जी?

नैसर्गिक दातावरून रंग सहज निघतो. दातात भरलेल्या कॉम्पोझिटवर, म्हणजे दाताच्या रंगाच्या सिमेंटवर, तो मुरून कायमचा डाग पडू शकतो, म्हणून समोर असं काम झालेलं असेल तर आधी त्या नटाच्या दंतवैद्याचा सल्ला घ्या. हिरड्या सुजलेल्या असतील तर रंग नको, आधी उपचार.

नट बोलताना नेमके कोणते दात दिसतात हेही टिपा. तरुणपणी वरचे पटाशीचे दात दिसतात. वय वाढतं तसा वरचा ओठ सैल होऊन खाली येतो, वरचे दात झाकले जातात आणि खालचे दिसू लागतात. बहुतेक रंगभूषाकार म्हातारं पात्र करताना फक्त वरचे दात रंगवतात आणि खालची पांढरीशुभ्र रांग तशीच चमकत राहते. म्हातारपण दाखवायचं तर आधी खालचे सहा दात रंगवा.

तिसरी पायरी: रंग लावणं

रंगभूषेच्या सामानाच्या दुकानात टूथ इनॅमल मिळतं. हा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला, खास दातांसाठीचा रंग. निकोटीन, काळा, हस्तिदंती, तपकिरी, हिरडीचा लालसर अशा छटा येतात. सुरुवातीला निकोटीन, काळा आणि लालसर तपकिरी या तिन्हींवर काम भागतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. नेलपॉलिश, मार्कर, बूटपॉलिश, भिंतीचा रंग यांपैकी काहीही दाताला लावू नका. 'एकाच प्रयोगाचं तर आहे' म्हणून हे होताना मी पाहिलंय. नटाचं तोंड म्हणजे थर्माकोलचा सेट नव्हे.

लावण्याची रीत अशी:

१. नटानं दात घासून चूळ भरावी. ओठांना आतून थोडं व्हॅसलीन, म्हणजे दाताला लागलेला रंग ओठाला चिकटत नाही. व्हॅसलीन दातावर जाऊ देऊ नका.

२. वरचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये कापसाच्या दोन छोट्या गुंडाळ्या ठेवा. टिश्यूनं एकेक दात पूर्ण कोरडा करा. अर्धं यश कोरडेपणात आहे. नटाला नाकानं श्वास घ्यायला सांगा.

३. रंग बाटलीतून छोट्या ताटलीत काढा. तोंडात गेलेला ब्रश परत बाटलीत बुडवायचा नाही. प्रत्येक नटाला वेगळा ब्रश.

४. पहिला हात अतिशय पातळ. निकोटीनची छटा सगळ्या दिसणाऱ्या दातांवर, व्हेनियर असतील तर विशेष. दातांची चमक नुसती घालवायची असते, रंग दिसायला नको.

५. मिनिटभर वाळू द्या. नटानं जीभ लावायची नाही. हा मिनिट फार मोठा वाटतो, गप्पा मारून निभवा, पण नटाला बोलू देऊ नका.

६. दुसरा हात फक्त हिरडीलगत आणि दोन दातांच्या फटींत, तपकिरी. खऱ्या तोंडात किटण तिथेच साठतं. दाताच्या मध्यावर डाग काढलात तर ते चिखल उडाल्यासारखं दिसतं.

७. सगळे दात सारखे करू नका. सुळे नैसर्गिकपणेच पुढच्या दातांपेक्षा पिवळे असतात, त्यांना जरा गडद ठेवा. एक पटाशीचा दात शेजारच्यापेक्षा अर्धी छटा वेगळा करा. माणसाचं तोंड एवढ्या फरकानंच खरं वाटतं.

८. कापूस काढा, नटाला नेहमीच्या बोलण्यात चार वाक्यं म्हणू द्या आणि दोन हात लांबून पाहा. नाटकात दहा हात लांबून.

काही तासांत, विशेषतः जेवणानंतर, हा रंग उडतो. ते गृहीतच धरा.

काळं दातवण

खऱ्या दातवणात हिरडा किंवा माजूफळ यांसारखं तुरट द्रव्य आणि हिराकस असे. तुरट द्रव्य आणि लोह एकत्र आले की काळा रंग बनतो, जुनी शाई याच पद्धतीनं होत असे. हौसेनं घरी तसं दातवण करून नटीला लावू नका. हिराकस पोटात जाणं बरं नव्हे आणि तो रंग सहज जातही नाही.

काळं टूथ इनॅमल घ्या, त्यात लालसर तपकिरीचे दोन थेंब मिसळा. निव्वळ काळा रंग कॅमेऱ्यात दात नसल्यासारखा दिसतो. पडलेला दात आणि काळा केलेला दात यांत फरक चमकेचा आहे. दातवण लावलेले दात ओलसर, लाखेसारखे झळकायला हवेत. म्हणून तीन पातळ हात द्या आणि वाळल्यावर टिश्यू फिरवू नका. वरचे-खालचे दोन्ही रंगवा, कड सरळ हिरडीपर्यंत नेऊन थांबवा. हिरडीवर गेलात तर ती मिशरी वाटेल.

दिग्दर्शक घाबरतात. प्रेक्षक हसतील, किळस येईल, नायिका सुंदर दिसणार नाही, असं म्हणतात. माझा अनुभव सांगतो: पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षक चमकतो, मग सवय होते, आणि पुढे एखाद्या प्रसंगात पांढऱ्या दातांची विधवा त्याच घरात दिसली की कुणी न सांगता त्याला सगळं कळतं. विधवेला दातवण वर्ज्य होतं. एका दाताच्या रंगातून वैधव्य दाखवता येतं, ही ताकद संवादात नाही. नायिकेचे दात काळे करायला दिग्दर्शक अगदीच तयार नसेल तर निदान सासू, आत्या, शेजारीण यांचे करा.

विडा आणि तंबाखू

विडा खाणाऱ्याची लाली दातांवर कमी, ओठांच्या आतल्या कडेवर आणि जिभेवर जास्त असते. फटींत काथाचा विटकरी तपकिरी, बाकी दातावर हलकी गुलाबी झाक. जिभेसाठी खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पाण्यात कालवून शॉटच्या आधी चूळ भरायला द्या, चित्रीकरणात दर तासाला पुन्हा.

खरी सुपारी, तंबाखू, मिशरी नटाच्या तोंडात घालू नका, तो स्वतः तयार असला तरी. सुपारी कर्करोगकारक आहे आणि तोंड न उघडण्याचा आजार तिच्यानंच होतो. पानाचा विडा दाखवायचा तर नागवेलीच्या पानात गुलकंद आणि खोबरं.

पडलेला आणि झिजलेला दात

नाटकात दात पडलेला दाखवायला काळं टूथ इनॅमल पुरतं. कॅमेऱ्यासाठी काळ्यात गडद लाल मिसळा, कारण तोंडाच्या आतली पोकळी काळी नसते, काळसर लाल असते. समोरचा मधलाच दात घालवायचा मोह आवरा. सुळ्याशेजारचा किंवा त्याच्या मागचा दात गेलेला असला तर तो फक्त हसताना कळतो आणि जास्त खरा वाटतो.

झीज दाखवणं सोपं आणि सुंदर आहे. पुढच्या दातांच्या खालच्या कडेला केसाएवढ्या जाडीची काळसर लाल रेघ ओढा. दात तेवढा आखूड भासतो. दोन दातांना जास्त, एकाला कमी. जात्यावरच्या पिठाची साठ वर्षं त्या एका रेघेत येतात.

कवळी किंवा दातांचं कवच

पुढे आलेले, वाकडे, मोठे दात हवे असतील तर रंगानं भागत नाही. दंतवैद्याकडून नटाच्या दातांचा अल्जिनेटमध्ये, म्हणजे साच्यासाठीच्या मऊ लगद्यात, साचा घ्यायचा, त्यावरून प्लास्टरचा नमुना, नमुन्यावर ॲक्रिलिकचं पातळ कवच. हे काम दंतवैद्य आणि दंत-तंत्रज्ञाचंच. बाजारात मिळणारे गरम पाण्यात मऊ करून बसवायचे दात लांबच्या प्रेक्षकासाठी चालतील, क्लोज-अपसाठी नाही. कवच जितकं पातळ तितकं चांगलं. जाड झालं की वरचा ओठ फुगतो आणि चेहरा माकडासारखा दिसतो.

चित्रीकरणाच्या किमान तीन आठवडे आधी कवच नटाच्या हातात द्या, कारण खरी अडचण उच्चारांची आहे. मराठीत दंत्य त, थ, द, ध आहेत, स आहे, आणि शिवाय दोन च आणि दोन ज आहेत. 'चार पेंढ्या चारा' म्हणून पाहा: पहिला च टाळूला लागतो, दुसरा दातांच्या मागे. कवच घातल्यावर आधी बिघडतो तो हा दातांमागचा च. जगातला ज आणि 'जग, बाबा' म्हणतानाचा ज यांचंही तेच. नटानं रोज अर्धा तास कवच घालून मोठ्यानं वाचावं, ओव्या म्हणाव्यात. आठवडाभरात जीभ वाट शोधते. नाही शोधली तर कवचाची आतली बाजू दंतवैद्याकडून घासून घ्या. थोडं बोबडं राहिलं आणि पात्र वयस्क असेल तर राहू द्या.

विसाव्या शतकातलं पात्र असेल तर कवळीच दाखवता येते, पण काळ तपासा. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी देशातलं पहिलं दंत महाविद्यालय कलकत्त्यात १९२० मध्ये काढलं. त्याआधी कवळी ही शहरातल्या पैसेवाल्यांची चीज होती. १९१० सालच्या तालुक्याच्या गावातला शाळामास्तर बोळक्या तोंडानंच शिकवणार.

बाकीचा चेहरा

दात बरोबर झाले की इतर चुका ओरडू लागतात. थोडक्यात सांगतो.

भुवया: थ्रेडिंग केलेली धनुष्याकृती भुवई नऊवारीला मारक आहे. नटीला दीड महिना भुवया वाढवायला सांगा. तेवढा वेळ नसेल तर एकेक केस पेन्सिलीनं काढा, भुवयांच्या मधलेसुद्धा.

कुंकू: टिकली नको. कपाळावर बोटानं मेण लावून त्यावर पिंजर दाबा, कड किंचित विस्कटलेली राहू द्या. गोंदणाचा रंग हिरवट निळा असतो, काळा नव्हे.

डोकं: पुरुषाचं घेऱ्याचं डोकं आणि शेंडी करायची तर नट हजामतीला तयार आहे का ते आधी विचारा. टक्कल टोपी लावणार असाल तर कपाळावरची कड स्पिरिट गमनं चिकटवून तिच्यावर त्वचेच्या रंगाचे ठिपके द्या आणि मुंडण केलेल्या भागावर फिकट निळसर करडा रंग फिरवा. नुसतं गुलाबी डोकं प्लास्टिकचं दिसतं. कल्ले क्रेप केसांचे, दोन छटा मिसळून.

देवीचे व्रण: यांच्याकडे आपण पूर्ण दुर्लक्ष करतो. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. त्याआधीच्या कुठल्याही गर्दीत चार-दोन चेहरे खडबडीत असणारच. रिजिड कलोडियन हे व्रण करायचं द्रव त्वचेवर वाळताना ती आकसते आणि खड्डा पडतो. आदल्या दिवशी नटाच्या हातावर लावून पाहा, डोळ्यांपासून आणि ज्योतीपासून दूर ठेवा, एकाच जागी रोज लावू नका. संवेदनशील त्वचेला सिलिकॉनचे तयार व्रण बरे.

दंड: उघड्या अंगाच्या प्रसंगात नटाच्या डाव्या दंडावरचा लसीचा व्रण झाका. आजच्या बहुतेकांच्या दंडावर असतो तो बीसीजीचा, आणि ती मोहीम आपल्याकडे १९४८ नंतरची. देवीची पहिली लस मुंबईत १८०२ मध्ये टोचली गेली. पानिपतावर लढणाऱ्या मावळ्याच्या दंडावर तसली कुठलीच खूण असू शकत नाही.

उजेडात तपासा

रंगभूषेच्या खोलीतल्या पांढऱ्या बल्बखाली जे दिसतं ते सेटवर दिसत नाही. समई, दिवटी, मशाल यांचा पिवळा उजेड दातांवरची पिवळी छटा गिळून टाकतो आणि तुम्ही तासभर खपून रंगवलेले दात पुन्हा पांढरे भासतात. अशा प्रसंगासाठी पिवळ्याऐवजी करडा-तपकिरी वापरा आणि एक छटा गडद जा. उन्हात नेमकं उलटं, एक छटा फिकट. नाटकात निळा प्रकाश येणार असेल तर पिवळे दात काळपट होतात, ते प्रकाशयोजनाकाराला आधीच सांगा.

चाचणी ज्या कॅमेऱ्यानं आणि ज्या दिव्यांत काम होणार त्यांतच घ्या. नटाला नुसतं दात विचकायला लावू नका. त्याला बोलू द्या, जेवू द्या, हसू द्या.

चित्रीकरणाच्या दिवशी

दातांचे फोटो रोज, रंग झाल्यावर लगेच, त्याच जागी, शेजारी रंगांची पट्टी धरून. वहीत किती हात, कोणती छटा, किती वाजता लावली हे लिहा. सुट्टीनंतर जेवणाचं दृश्य पुढे चालू ठेवायचं असेल तर ही वहीच वाचवते. नटाला पाणी नळीनं पिऊ द्या, फळ कापून, काट्यानं मागच्या दाढांकडे. क्लोज-अप शक्यतो जेवणाच्या सुट्टीआधी घ्यायला दिग्दर्शकाला पटवा.

दिवस संपला की रंग काढूनच नटाला घरी सोडा. कंपनीनं दिलेलं रिमूव्हर कापसाच्या काडीवर घेऊन एकेक दात पुसा, मग मऊ ब्रशनं दात घासून कोमट पाण्याच्या चुळा. नखानं, ब्लेडनं, पिनेनं खरवडायचं नाही. फटींत राहिलेला काळा रंग दोऱ्यानं निघतो. हिरडीवर लाली किंवा चुरचुर असेल तर दुसऱ्या दिवशीचा रंग रद्द करून त्या नटाचे शॉट ओठ मिटून किंवा पाठमोरे घ्यायला सांगा. कवच असेल तर ते साबणाच्या गार पाण्यानं धुवून, नटाच्या नावाच्या डबीत. गरम पाण्यात टाकलंत तर ॲक्रिलिक वाकतं आणि सकाळी ते तोंडात बसत नाही.